यष्टीमागचा शिलेदार : कै. दत्ताराम हिंदळेकर

सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी ज्या थोरांचे स्मरण करावयाचे, त्यांत संत, समाजसुधारक, साहित्यिक आणि देशभक्त यांची नावे प्रथम ओठांवर येतात, आणि ते यथायोग्यच आहे. क्रीडांगणावर देशाचे नाव राखणाऱ्या पुरुषांची आठवण मात्र बहुधा त्यांच्या पराक्रमाच्या दिवसापुरतीच टिकते. धावफलक पुसला गेला की फलंदाजही पुसला जातो. त्यातही जो यष्टीमागे वाकून उभा असतो, ज्याचे शंभर झेल कोणाच्या ध्यानात येत नाहीत पण सुटलेला एक झेल मात्र जन्मभर सांगितला जातो, त्या यष्टिरक्षकाच्या वाट्याला तर विस्मृती फारच लवकर येते. कै. दत्ताराम धर्माजी हिंदळेकर हे असेच एक नाव. १९३६ आणि १९४६ या दोन्ही इंग्लंड दौऱ्यांत भारताचे पहिल्या पसंतीचे यष्टिरक्षक असलेला हा कोकणचा सुपुत्र वयाची चाळिशी गाठताच मुंबईत कालवश झाला. योग्य उपचार न लाभल्याने ते अकाली गेले, असेच क्रिकेटचा इतिहास सांगणाऱ्यांनी नोंदवून ठेविले आहे. त्यांचे चरित्र केवळ खेळाची हकीगत नसून, आपण आपल्या खेळाडूंना आजारपणात कसे सांभाळतो, याचा एक जुना आणि अद्यापही न संपलेला हिशेब आहे.

हिंदळेकरांचा जन्म १ जानेवारी १९०९ रोजी रत्नागिरी येथे झाला. त्यांचे आडनाव देवगड तालुक्यातील हिंदळे या गावाची आठवण करून देते. हा मुलूख आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात मोडत असला, तरी १९८१ पर्यंत तो रत्नागिरी जिल्ह्याचाच भाग होता. लाल माती, समुद्राचा वारा, थोडीशी भातशेती आणि घरटी एक माणूस मुंबईला, असे त्या काळच्या कोकणचे स्वरूप होते. गिरण्या, गोद्या, रेल्वे, छापखाने आणि कचेऱ्या यांनी कोकणी माणसाला पोटाला दिले आणि त्याच मुंबईने त्याला क्रिकेटचे वेडही दिले. हिंदळेकरांचे आयुष्य या चाकोरीतूनच गेले. नोकरी पोर्ट ट्रस्टमध्ये, पगार तुटपुंजा आणि जीव मात्र मैदानात गुंतलेला.

त्या काळचे क्रिकेट आणि आजचे क्रिकेट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे ध्यानात घेतल्यावाचून त्यांच्या जीवनाचे मोल कळावयाचे नाही. खेळ हे उपजीविकेचे साधन नव्हते. ज्यांना एखाद्या संस्थानिकाचा आश्रय लाभला, त्यांचे बरे चालले. सी. के. नायडू यांना होळकर दरबाराने आणि विजय हजारे यांना बडोद्याने आधार दिला. ज्यांच्या घरी पिढीजात व्यापार-उदीम होता, त्यांना पोटाची चिंता नव्हती. उरलेल्यांनी कचेरीत खर्डेघाशी करावी, रजा मिळेल तेव्हा सामना खेळावा आणि सामना संपताच पुन्हा मेजावर येऊन बसावे, अशी रीत होती. हिंदळेकर या तिसऱ्या वर्गातले. त्यांच्यासारख्यांच्या बळावरच मुंबईचे क्रिकेट उभे राहिले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

मुंबईच्या चौरंगी आणि १९३७ पासूनच्या पंचरंगी सामन्यांत त्या वेळी अवघे शहर लोटत असे. हिंदू संघाचे यष्टिरक्षण प्रथम जनार्दन नवले यांच्याकडे होते. १९३२ साली लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटी सामन्यात यष्टीमागे उभे राहण्याचा मान नवल्यांना मिळाला होता. त्यांच्यानंतरच्या पिढीत हिंदळेकरांनी ही जागा घेतली. मुंबईच्या संघातूनही ते खेळले. यष्टीमागे उभे राहण्याची त्यांची स्वतःची ढब होती. तीत दिखाऊपणा नव्हता. चेंडू हातात विसावावा आणि त्याचा आवाजही होऊ नये, ही खऱ्या यष्टिरक्षकाची खूण.

यष्टिरक्षण हे काम किती कष्टाचे आहे, याची कल्पना प्रेक्षकाला सहसा येत नाही. दिवसभरात शंभरावर षटके पडली, तर सहाशेहून अधिक वेळा वाकावयाचे आणि उठावयाचे. प्रत्येक चेंडू आपल्याकडेच येणार, असे धरून चालावयाचे. निसार आणि अमरसिंग यांच्यासारख्या जलद गोलंदाजांचा मारा तळहातावर झेलावयाचा आणि पुढच्याच षटकात फिरकीसाठी यष्टीला चिकटून उभे राहावयाचे. त्या वेळच्या खेळपट्ट्या पावसापासून पूर्णपणे झाकल्या जात नसत, त्यामुळे चेंडू केव्हा उसळेल याचा नेम नसे. हातमोजे आजच्याइतके भक्कम नव्हते आणि शिरस्त्राण तर कोणी पाहिलेही नव्हते. वाकडी झालेली बोटे हेच जुन्या यष्टिरक्षकांचे मानचिन्ह असे. अशा शरीराची देखभाल करण्यासाठी संघाबरोबर वैद्य नसे आणि अंगमर्दकही नसे. दुखापतीवर इलाज म्हणजे गार पाण्याची पट्टी आणि स्वतःची सहनशक्ती.

१९३६ साली विजयानगरमच्या महाराजकुमारांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. तो दौरा रुसव्याफुगव्यांनी आणि राजकारणाने गाजला. लाला अमरनाथ यांना मध्येच मायदेशी धाडण्यात आले. अशा वातावरणात २७ जून रोजी लॉर्ड्सवर पहिला कसोटी सामना सुरू झाला आणि सत्तावीस वर्षांचे हिंदळेकर विजय मर्चंट यांच्या जोडीने डावाची सुरुवात करण्यास उतरले. दोघांनी ६२ धावांची सलामी दिली. ती तुटल्यावर भारताचा अवघा डाव १४७ धावांत आटोपला, यावरून त्या सलामीचे मोल समजते. अमरसिंगने सहा गडी टिपून इंग्लंडला १३४ धावांत गुंडाळले आणि पहिल्या डावात भारताने आघाडी मिळविली. दुसऱ्या डावात मात्र आपला संघ ९३ धावांत कोसळला आणि सामना हातचा गेला.

या दौऱ्यातच हिंदळेकरांच्या बोटाच्या हाडाचा टवका उडाला आणि दृष्टीही अंधुक होण्याचा त्रास त्यांना झाला. यष्टिरक्षकाला बोटे आणि डोळे यांवाचून दुसरे भांडवल ते काय? पुढील मँचेस्टरच्या सामन्यात यष्टीमागे मेहेरहोमजी उभे राहिले आणि ओव्हलवर दिलावर हुसेन. सलामीची जागाही रिकामी झाली आणि तेथे मर्चंट यांच्या साथीला मुश्ताक अली आले. त्या दोघांनी मँचेस्टरला २०३ धावांची जी भागीदारी रचली, ती भारतीय क्रिकेटच्या इतिहासात अजरामर झाली. दैवाचा खेळ असा की, ज्या दुखापतीने एकाचे दार बंद झाले, तिनेच दुसऱ्याचे उघडले.

त्यानंतर महायुद्ध आले. १९३६ च्या ऑगस्टपासून १९४६ च्या जूनपर्यंत भारत एकही कसोटी सामना खेळला नाही. सत्ताविसाव्या वर्षापासून सदतिसाव्या वर्षापर्यंतचा काळ, म्हणजे यष्टिरक्षकाच्या आयुष्यातील ऐन उमेदीची दहा वर्षे, अशी निघून गेली. देशातले क्रिकेट मात्र चालू होते. पंचरंगी सामने ब्रेबर्न स्टेडियमवर रंगत होते आणि रणजी करंडकासाठी प्रांताप्रांतांचे संघ झुंजत होते. १९४१-४२ च्या अंतिम सामन्यात मुंबईने म्हैसूरच्या संघाचा पराभव केला, ही गोष्ट येथील जुन्या क्रिकेटप्रेमींच्या घराण्यांतून अद्यापि सांगितली जाते. हिंदळेकरांनी या दशकात आपला हात मोडू दिला नाही, याचा पुरावा पुढे १९४६ साली मिळाला. वयाच्या सदतिसाव्या वर्षी, तरुण उमेदवार असताना, निवड समितीने पुन्हा त्यांचेच नाव प्रथम लिहिले.

पतौडीच्या नवाबांच्या नेतृत्वाखालील १९४६ चा सोळा जणांचा संघ हा अखंड हिंदुस्थानचा शेवटचा संघ होय. त्यात महाराष्ट्राशी आणि मराठी घरांशी नाते सांगणारे खेळाडू मोठ्या संख्येने होते. विजय हजारे, चंदू सरवटे, रंगा सोहोनी, रावसाहेब निंबाळकर, सदू शिंदे आणि हिंदळेकर. युद्धाने पोळलेल्या इंग्लंडमध्ये अजून शिधापत्रिका चालू होत्या. त्या वर्षीचा उन्हाळाही पावसाळीच निघाला.

२२ जून १९४६ रोजी लॉर्ड्सचा कसोटी सामना सुरू झाला. अॅलेक बेडसर या नवख्या गोलंदाजाने भारताची दाणादाण उडविली. १५७ धावांवर नऊ गडी बाद झाल्यावर अकरावा फलंदाज म्हणून सदाशिव गणपतराव शिंदे मैदानात आले. तेवीस वर्षांचाही न झालेला हा उंच, सडपातळ, लेगब्रेक आणि गुगली टाकणारा तरुण आपला पहिलाच कसोटी सामना खेळत होता. त्याने रुसी मोदींना साथ देऊन ४३ धावांची भर घातली आणि धावसंख्या २०० वर नेली. सामना आपण गमावला, पण त्या दिवशी मैदानावर उतरलेल्या या दोन मराठी माणसांची नावे पुढे एका दुःखद धाग्याने बांधली जाणार होती. त्याचा उल्लेख यथावकाश येईल.

हिंदळेकरांच्या कारकिर्दीतील सर्वांत स्मरणीय क्षण जुलै महिन्यात मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर आला. विजयासाठी २७८ धावा हव्या असताना भारताचा दुसरा डाव ढासळत गेला. बेडसरने सामन्यात अकरा गडी बाद केले. नववा गडी पडला तेव्हा विजयाचा विचारच उरला नव्हता. उरला होता तो फक्त वेळ, आणि तोही तेरा मिनिटे. एका टोकाला रंगा सोहोनी आणि दुसऱ्या टोकाला अखेरचा फलंदाज म्हणून आलेले हिंदळेकर. फलंदाजाभोवती क्षेत्ररक्षकांचे कडे पडलेले. एक चूक आणि सामना संपला, अशी अवस्था. या दोघांनी ती तेरा मिनिटे निभावून नेली. भारताची धावसंख्या नऊ बाद १५२ राहिली आणि सामना अनिर्णित सुटला. दहा वर्षांपूर्वी ज्याने लॉर्ड्सवर डाव उघडला होता, त्यानेच आता मँचेस्टरला डाव राखला. पहिल्या जागेवर पाठविले तर पहिल्या जागेवर आणि अकराव्या जागेवर पाठविले तर अकराव्या जागेवर, संघाला जेथे गरज तेथे उभे राहणे, हा हिंदळेकरांचा स्वभावधर्म होता.

ओव्हलवरील तिसरा सामना पावसात वाहून गेला आणि त्याबरोबरच त्यांची कसोटी कारकीर्दही संपली. अवघे चार कसोटी सामने त्यांच्या नावावर आहेत. १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर नवे यष्टिरक्षक गेले. हिंदळेकर पुन्हा नोकरी आणि संसार यांच्या चाकोरीत परतले.

यापुढचा भाग लिहिताना लेखणी जड होते. १९४९ च्या आरंभी मुंबई क्रिकेटच्या आनंदात न्हाऊन निघाली होती. वेस्ट इंडीजचा संघ प्रथमच भारतात आला होता आणि फेब्रुवारीत ब्रेबर्न स्टेडियमवरील अखेरच्या कसोटी सामन्यात आपला विजय केवळ सहा धावांनी हुकला होता. हजारो मुंबईकर त्या सहा धावांची हळहळ कित्येक दिवस करीत होते. मार्चमध्ये पुण्यास मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यात रणजी करंडकाचा जो सामना झाला, त्यात दोन्ही संघांनी मिळून २३७६ धावा काढल्या. हा विक्रम जगभर गाजला. त्याच महिन्यात मुंबईने करंडकही जिंकला. आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेस, त्याच मुंबईत, दत्ताराम हिंदळेकरांनी देह ठेविला. वय अवघे चाळीस. ज्या शहराला सहा धावांची रुखरुख लागून राहिली होती, त्या शहराला आपला यष्टिरक्षक योग्य औषधपाण्यावाचून जात आहे, याची वेळीच जाणीव झाली नाही.

येथे कोणा एका संस्थेला वा व्यक्तीला दोष देण्याचा हेतू नाही. दोष व्यवस्थेचा, किंबहुना व्यवस्थेच्या अभावाचा होता. मुंबईत त्या वेळी इस्पितळे नव्हती असे नव्हे. जे. जे., नायर आणि के. ई. एम. ही मोठी सार्वजनिक रुग्णालये उभी होती आणि १९४१ पासून टाटा स्मारक रुग्णालयही सुरू झाले होते. वैद्यकशास्त्रातही क्रांती घडत होती. पेनिसिलीन उपलब्ध होऊ लागले होते. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसीनचा शोध लागल्याने क्षयावर प्रथमच खरे औषध हाती आले होते. विषमज्वरावर क्लोरँफेनिकॉल १९४८ मध्ये गुणकारी ठरले होते. परंतु ही नवी औषधे दुर्मीळ व महाग होती आणि ती मिळविण्यासाठी पैसा किंवा ओळख लागे. कामगार राज्य विमा कायदा १९४८ साली संमत झाला, पण त्याखालील योजना प्रत्यक्षात कानपूर व दिल्ली येथे सुरू व्हावयास १९५२ साल उजाडले. तीही कारखान्यांतील कामगारांसाठी होती. देशासाठी खेळणे हे काम आहे आणि त्या कामाने झिजलेल्या देहाची जबाबदारी कोणावर तरी असली पाहिजे, ही कल्पनाच त्या काळी जन्मली नव्हती.

हिंदळेकरांच्या मृत्यूने डोळे उघडावयास हवे होते, परंतु ते उघडले नाहीत. लॉर्ड्सवर अखेरच्या जोडीत झुंजलेल्या सदू शिंदे यांची कथा याची साक्ष देते. शिंद्यांनी १९५१ च्या नोव्हेंबरात दिल्ली येथे इंग्लंडविरुद्ध पहिल्या डावात ९१ धावांत सहा गडी बाद करून पाहुण्यांना २०३ धावांत उखडले होते. एकूण सात कसोटी सामने ते खेळले. अशा या गुणी गोलंदाजाला विषमज्वराने गाठले आणि २२ जून १९५५ रोजी, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, मुंबईत त्यांचा अंत झाला. लॉर्ड्सवर त्यांनी कसोटी क्रिकेटमध्ये पाऊल टाकले तो दिवस २२ जूनच होता. नऊ वर्षांनी त्याच तारखेला सारे संपले. विषमज्वर हा दूषित पाण्याने व अन्नाने पसरणारा रोग. त्यावरचे औषध तोवर शोधून सात वर्षे झाली होती. मागे पत्नी आणि लहान मुली. त्यांपैकी एक कन्या प्रतिभाताई पुढे श्री. शरद पवार यांच्या पत्नी म्हणून महाराष्ट्राला परिचित झाल्या. १९४६ च्या एकाच संघातील दोन मराठी खेळाडू अशा रीतीने चाळिशीच्या आत-बाहेर, आजारपणाने गेले.

खेळाडूला मैदानावर दुखापत होते तेव्हा सारे धावून येतात, ही माणुसकीची बाजूही सांगितली पाहिजे. १९६२ साली बार्बाडोस येथे नरी काँट्रॅक्टर यांच्या डोक्यावर चेंडू आदळून त्यांचा जीव धोक्यात आला, तेव्हा प्रतिस्पर्धी संघाचे कर्णधार फ्रँक वॉरेल रक्त देण्यास सर्वांत आधी पुढे झाले. त्यांच्यामागोमाग आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उमरीगर यांनीही रक्तदान केले. काँट्रॅक्टर वाचले. परंतु जो आजार मैदानाबाहेर, घरच्या अंधाऱ्या खोलीत, हळूहळू वाढतो, त्याला प्रेक्षक नसतात. त्याच्यासाठी टाळ्या वाजत नाहीत आणि रक्त द्यावयास कोणी रांगेत उभे राहत नाही. हॉकीचे जादूगार मेजर ध्यानचंद यांनी भारताला तीन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवून दिली. तेही ३ डिसेंबर १९७९ रोजी दिल्लीच्या रुग्णालयात, सामान्य कक्षातील खाटेवर, यकृताच्या कर्करोगाने निवर्तले. हिंदळेकरांच्या मृत्यूनंतरची तीस वर्षे अशी गेली.

आपण मंडळी कावेरीच्या काठी, म्हैसूरच्या छायेत वाढलेली. या भूमीने याच विषयावर दोन धडे दिले आहेत. म्हैसूरचे नाल्वडी कृष्णराज वडेयर यांच्या भगिनी राजकुमारी कृष्णाजम्मण्णी क्षयरोगाने गेल्या. त्यांच्या मुलीही त्याच रोगाला बळी पडल्या. राजघराण्याने हे दुःख अश्रूंत विरू दिले नाही. १९२१ साली म्हैसूर येथे त्यांच्या नावाने क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहिले आणि तेथे पिढ्यान्‌पिढ्या गोरगरिबांना आसरा मिळाला. एका घरचे दुःख सर्वांच्या उपयोगी पडणारी संस्था होऊ शकते, हा पहिला धडा. क्रिकेटच्या जगाने मात्र आपली दुःखे प्रत्येक वेळी एखादा मदतीचा सामना आणि एखादी निधीची हाक यांवर भागविली. हाक दिली की पैसा येतो. पण हाक बहुधा तिरडी बांधल्यावर दिली जाते.

दुसरा धडा म्हैसूरचेच सुपुत्र भागवत चंद्रशेखर यांचा. १९४५ साली जन्मलेल्या या बालकाला पाच-सहा वर्षांच्या वयात पोलिओने गाठले. त्या वेळी या रोगावरची लसच निघाली नव्हती. उजवा हात बारीक आणि दुबळा राहिला. त्याच हाताने पुढे त्यांनी लेगब्रेक आणि गुगली टाकून कसोटी सामन्यांत २४२ बळी घेतले आणि १९७१ साली ओव्हलवर ३८ धावांत सहा गडी बाद करून इंग्लंडच्या भूमीवर भारताला पहिला विजय मिळवून दिला. चंद्रशेखरांचे यश हे त्यांच्या जिद्दीचे यश आहे. परंतु हजारो मुलांचे हात-पाय पोलिओने गेले आणि त्यांना जिद्द असूनही मैदान दिसले नाही; त्यांच्यामागून आलेल्यांना वाचविले ते लसीने. २०१४ साली भारत पोलिओमुक्त म्हणून घोषित झाला, तो घरोघर जाऊन थेंब पाजणाऱ्या सेविकांच्या अखंड श्रमांमुळे. जिद्द ही एकट्याची असते, आरोग्य मात्र सर्वांनी मिळून राखावे लागते.

हिंदळेकरांच्या काळापासून परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे, हे नमूद न करणे कृतघ्नपणाचे होईल. अडचणीतील खेळाडूंसाठी केंद्र सरकारने १९८२ साली राष्ट्रीय कल्याण निधी स्थापन केला. १९९४ पासून आंतरराष्ट्रीय पदकविजेत्यांना निवृत्तिवेतन मिळू लागले. क्रिकेट नियामक मंडळानेही पुढे माजी खेळाडूंना मासिक मानधन चालू केले. तरीही काळजी संपलेली नाही. बडोद्याचे अंशुमान गायकवाड यांना रक्ताच्या कर्करोगाने ग्रासले, तेव्हा २०२४ च्या जुलैमध्ये त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांना जाहीर आवाहन करावे लागले. कपिल देव यांनी त्यांच्यासाठी आपले निवृत्तिवेतन देऊ केले. नियामक मंडळाने एक कोटी रुपये मंजूर केले. त्याच महिन्याच्या ३१ तारखेस गायकवाड गेले. मदत मोठी होती, मनापासून होती, पण उशिरा होती. हे चाळीस कसोटी सामने खेळलेल्या आणि देशाच्या संघाला मार्गदर्शन केलेल्या नामवंताच्या बाबतीत घडले. मग जिल्हा पातळीवर खेळलेल्या कबड्डीपटूचे, दसऱ्याच्या कुस्त्यांत मैदान मारणाऱ्या मल्लाचे किंवा आंतरशालेय स्पर्धेत धावणाऱ्या मुलीचे काय होत असेल?

बन्नूरसारख्या गावातून रोज पहाटे मुले धावताना दिसतात. म्हैसूरच्या गरडींत, म्हणजे आपल्या भाषेत तालमींत, लाल माती अंगाला लावून घुमणारे तरुण आजही आहेत. त्यांपैकी कोणाच्या छातीत दोष आहे, कोणाच्या अंगात रक्त कमी आहे, कोणाचा ताप चार आठवडे उतरलेला नाही, हे पाहणारे कोणी हवे. खेळाडूचे शरीर सुदृढ दिसते म्हणूनच त्याचा रोग उशिरा ध्यानात येतो. दुखणे सोसण्याची त्याची सवय हीच त्याची वैरीण ठरते. म्हणून तीन गोष्टी अगत्याच्या वाटतात. पहिली, प्रत्येक नोंदणीकृत खेळाडूची वर्षातून एकदा नियमित वैद्यकीय तपासणी. दुसरी, खेळत असताना आणि खेळ सोडल्यानंतरही चालू राहील असा आरोग्यविमा, ज्याचा हप्ता खेळाडूने नव्हे तर त्याला खेळविणाऱ्या संघटनेने भरावा. तिसरी, गंभीर आजारासाठी कायम स्वरूपाचा निधी, जो अर्ज येताच आठवड्यात हाती पडेल आणि ज्यासाठी आजाऱ्याला आपल्या जुन्या पराक्रमाचे दाखले घेऊन दारोदार फिरावे लागणार नाही. यांपैकी पहिली गोष्ट तर आपल्या मंडळासारख्या छोट्या संस्थेलाही, दोन डॉक्टर आणि चार कार्यकर्ते यांच्या बळावर, वर्षातून एका रविवारी सहज साधता येण्याजोगी आहे.

हिंदळेकरांच्या घराण्याचा क्रिकेटचा वारसा त्यांच्याबरोबर संपला नाही. त्यांचे भाचे विजय मांजरेकर यांनी १९५२ साली लीड्स येथे, वयाच्या विसाव्या वर्षी, १३३ धावांची खेळी करून इंग्लंडला चकित केले. धावफलकावर अजून एक धाव लागलेली नसताना चार गडी बाद झाले, तो दुसरा डाव याच सामन्यातला. पण त्याआधी पहिल्या डावात मांजरेकर आणि हजारे यांनी २२२ धावांची भागीदारी केली होती. पुढे संजय मांजरेकर यांनीही कसोटी क्रिकेटमध्ये नाव मिळविले. तीन पिढ्यांचा हा प्रवास कोकणच्या एका गरीब यष्टिरक्षकापासून सुरू झाला. भाच्याचे ते शतक पाहण्यास मामा हयात नव्हते. हयात असते तर त्यांचे वय त्या वेळी जेमतेम त्रेचाळीस असते.

कसोटी सामन्यांची आकडेवारी पाहिली तर हिंदळेकरांच्या नावासमोर फार थोडे लिहिलेले आढळते. चार सामने, मोजक्या धावा, मोजके झेल. परंतु मँचेस्टरच्या त्या तेरा मिनिटांत त्यांनी आपल्या संघाला सोडले नाही, हे आकड्यांत मावत नाही. पुढे तीन वर्षांनी त्यांच्यावर कठीण वेळ आली, तेव्हा त्यांच्या बाजूला दुसऱ्या टोकाला उभे राहणारे कोणी नव्हते. खेळाडूच्या आजारपणात दुसऱ्या टोकाला ठामपणे उभे राहणे, हेच समाजाचे काम आहे. पन्नास वर्षे एकमेकांच्या सुखदुःखात उभ्या राहिलेल्या आपल्या मंडळाला हे निराळे सांगावयास नको. कै. दत्ताराम हिंदळेकर यांच्या स्मृतीस या सुवर्णमहोत्सवी वर्षात विनम्र अभिवादन.